भास्कररावांची पब्लिकची वही

श्री. भास्करराव हटवार यांना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा ते नाकाडोंगरीजवळच्या मँगनीजच्या खाणीवर, भर दुपारी, धुळीत पालथे पडलेले होते. माणसाला ऊन लागले असावे असे वाटून मी जागच्या जागी थांबले. तेवढ्यात त्यांनी दोन्ही तळहात जमिनीला टेकले, एक गुडघा वर घेतला, त्या गुडघ्यावर हाताचा भार दिला आणि सावकाश उभे राहिले. समोर मुंबईहून आलेला नायक उभा होता. त्याला ते म्हणाले, "ऐसे उठने का, बाबू. एकदम से नहीं. मार खाया हुआ आदमी एकदम से नहीं उठता." नायकाने मान हलवली. त्याला नीट कळले नसावे, कारण भास्करराव पुन्हा धुळीत पालथे झाले आणि पुन्हा तसेच उठले. असे चार-पाच वेळा झाले. शेवटी त्यांच्या पांढऱ्या सदऱ्याचा रंग खाणीतल्या मजुरांच्या सदऱ्यासारखा झाला, तेव्हा कुठे कॅमेरा सुरू झाला.

माझे वडील त्या खाणीच्या कचेरीत हेडक्लार्क होते. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून, बी. ए. होऊन नुकतीच घरी आले होते. युनिटमधल्या कंटिन्युइटी लिहिणाऱ्या गृहस्थांना कावीळ झाली आणि ते मुंबईला परत गेले. हे काम असे असते: एका दृश्यात नायकाच्या उजव्या भुवईवर जखम असेल, तर चार दिवसांनी चित्रित होणाऱ्या पुढच्या दृश्यातही ती उजव्याच भुवईवर हवी, कुठले बटण तुटले, हातात काय होते, कपाळावर घाम होता की नाही, सगळे लिहून ठेवायचे. चित्रपटाचे दिग्दर्शक भास्करराव स्वतः कचेरीत येऊन विचारू लागले, की इथे कोणाचे अक्षर वाचण्याजोगे आहे. वडिलांनी अभिमानाने मी लिहिलेला एक अर्ज त्यांच्या पुढ्यात ठेवला.

"हे कोनं लिवलं, बाबूजी?"

"माझ्या मुलीनं."

"मंग तिलेच पाठवा ना जी."

अर्ज दाखवल्याचा वडिलांना लगेच पश्चात्ताप झाला. चित्रपटाच्या माणसांत मुलीला पाठवायचे म्हणजे काय, हे त्यांनी आडवळणाने बोलून दाखवले. भास्कररावांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "तुमी बी या. माया खुर्चीवर बसा. मी तं उभाच असतो."

वडील खरोखरच आले. रजा टाकून पहिले आठ दिवस ते दिग्दर्शकाच्या खुर्चीवर छत्री घेऊन बसले. भास्करराव अधूनमधून येऊन त्यांना विचारत, "बाबूजी, हजेरी कशी घेतात इथं? शिट्टी वाजवून का घंटा देऊन?" वडील सांगत, आणि दृश्यात तसा बदल होई. नवव्या दिवशी हजेरी घेणाऱ्या कारकुनाचे काम करायला कोणी मिळेना, म्हणून भास्कररावांनी वडिलांनाच उभे केले. पडद्यावर ते जेमतेम चार सेकंद दिसतात. त्या चार सेकंदांसाठी त्यांनी तो चित्रपट किती वेळा पाहिला, हे आमच्या घरात आई सोडून कोणाला माहीत नव्हते. माझ्या कामाबद्दल त्यांनी पुन्हा कधी तोंड उघडले नाही. खुर्ची देऊन, विचारपूस करून, एका घाबरलेल्या बापाला भास्कररावांनी आपल्या बाजूला करून घेतले होते. त्यात डावपेच किती आणि आपुलकी किती, असे मी पुढे एकदा गमतीने विचारले, तेव्हा ते म्हणाले, "मले हजेरीचं खरंच मालूम नव्हतं जी."

भास्कररावांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या गाजलेल्या हाणामारीच्या चित्रपटांविषयी जाणकार मंडळी लिहितीलच. मी त्यांच्याजवळ अनेक वर्षे वही धरून उभी होते. तेव्हा त्या वहीपुरतेच लिहिते.

आम्ही युनिटमधले लोक चित्रपटांना त्यांच्या नावांनी ओळखत नसू. नाकाडोंगरीला झालेला तो 'खाणवाला', पवनीला वैनगंगेवर झालेला तो 'घाटवाला', आणि पुढचा 'रेल्वेवाला'. या सगळ्यांत मारामाऱ्या भरपूर होत्या, पण भास्कररावांचा जीव ठोशात नसे. त्यांचा कॅमेरा पडलेल्या माणसावर थांबे आणि तो उठेपर्यंत हलत नसे. आंधळगावला त्यांचे वडील धानाची शेती करत. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावच्या जत्रेत, कुस्त्या होत, तिथे वडिलांच्या खांद्यावर बसून त्यांनी एक गोष्ट पाहून ठेवली होती. जिंकणाऱ्या पहिलवानाकडे लोक एकदा पाहत. हरलेला अंगावरची माती झाडत कसा उठतो, हे मात्र सगळे टक लावून पाहत. "पब्लिक पडनाऱ्यासंगं पडते अन् उठनाऱ्यासंगं उठते," असे ते म्हणत. त्यांच्या चित्रपटात सगळ्यांत मोठी टाळी नायक उठताना पडते, हे ज्यांनी ते टॉकीजमध्ये पाहिले आहेत त्यांना ठाऊक आहे.

हे त्यांनी अंदाजाने ठरवले नव्हते. चित्रपट लागला, की मुंबईतल्या समारंभात एक दिवस हजेरी लावून ते सरळ आपल्या भंडारा जिल्ह्यात येत आणि तुमसर, पवनी, मोहाडी अशा ठिकाणच्या टॉकीजमध्ये तीनच्या खेळाला बसत. स्वतः पुढच्या, सगळ्यांत स्वस्त बाकांवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. मला ते लेडीजमध्ये बसवत. त्या काळी आमच्याकडे बायकांना बसायला वरच्या बाजूला वेगळा भाग असे. त्याचे दारही वेगळे असे. दोघांनी आपापल्या जागी वही ठेवायची. त्या वहीला सगळे युनिट 'पब्लिकची वही' म्हणे. डाव्या बाजूला रिळाचा क्रमांक आणि प्रसंग, उजव्या बाजूला लोकांनी काय केले ते. कोणी उठून बाहेर गेले, कोणी मूल दुसऱ्या मांडीवर घेतले, कोणी हसले, शेंगदाण्याच्या पुड्या कुठे थांबल्या. या वहीचा नियम एकच होता आणि तो त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितला होता.

"काय केलं तेवढंच लिवा. काहून केलं ते लिवू नका. ते आपन मंग बसून पाहू."

माझ्या हातून हा नियम एकदा मोडला. तो मोडला नसता तर भास्कररावांच्या आयुष्यातली काही वर्षे वेगळी गेली असती. म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते.

'खाणवाला' चित्रपटात एक छोटा प्रसंग होता. भरबाजारात खलनायकाची माणसे नायकाच्या बहिणीचा हात धरून तिला ओढतात, तिचा पदर खाली पडतो, आणि मग नायक येतो. हाणामारीच्या चित्रपटांत असा प्रसंग त्या वेळी असायचाच. तुमसरला तो प्रसंग सुरू झाला आणि लेडीजमधल्या बायका खाली पाहू लागल्या. कोणी पायाखाली चप्पल चाचपू लागली, कोणी पिशवीत हात घातला, कोणी मुलाचे टोपडे सोडून पुन्हा बांधू लागली. खालच्या बाजूने शिट्ट्या येत होत्या आणि इकडे एकही डोळा पडद्यावर नव्हता. मी शिकले त्या शाळेत खाली पाहणारी मुलगी म्हणजे लक्ष नसलेली मुलगी. सिस्टर लगेच पट्टी टेबलावर आपटत. मी वहीत माझ्या सुरेख अक्षरात लिहिले: 'बायका कंटाळल्या. प्रसंग संथ.'

त्या काय करत होत्या, ते मी लिहिलेच नाही. चपला नाहीत, पिशव्या नाहीत, टोपडे नाही. फक्त माझा निष्कर्ष लिहिला.

भास्कररावांचा माझ्या वहीवर पूर्ण विश्वास होता. 'घाटवाला' लिहिला जात असताना त्यांनी ती वही पटकथाकारांपुढे ठेवली आणि सांगितले, की या जागी बायका कंटाळतात, इथे जोर पाहिजे. त्याप्रमाणे नवीन चित्रपटात तसाच प्रसंग पवनीच्या घाटावर आला. तो तिप्पट लांब होता, आणि त्यात त्या मुलीला पायऱ्यांवरून ओढत नेले जात होते. चित्रीकरणाच्या वेळी मी तिथेच उभी होते. कुठल्या पायरीवर तिची कोणती बांगडी फुटली, ते मी नीट लिहून घेतले. आज ते आठवले की मला माझ्या त्या नीटपणाची लाज वाटते.

'घाटवाला' तुफान चालला. गावोगावी लोक बैलगाड्या जुंपून, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून टॉकीजला येत. नायक उठला की पडद्यावर फुले आणि चिल्लर उधळली जाई. तीनच्या खेळाचे तिकीट मिळाले नाही तर लोक सहाच्या खेळापर्यंत दारातच बसून राहत. मुंबईत भास्कररावांच्या दारी निर्मात्यांची रांग लागली. ज्या निर्मात्याने 'घाटवाला' काढला होता, त्याने पुढच्या चित्रपटाचा करारही केला. त्यात मोठे नट होते आणि परदेशातले चित्रीकरण होते. आमच्या सगळ्यांची त्यात वर्णी लागणार होती.

या करारांच्या गडबडीत उशीर होऊन आम्ही पवनीला गेलो तो तिसरा आठवडा होता. टॉकीज भरलेली. माझ्या शेजारी एक शेतकरी बाई बसल्या होत्या, कौशल्याबाई नावाच्या. मांडीवर सात-आठ वर्षांची मुलगी. मध्यंतरापर्यंत त्या पोटभर हसत होत्या, खलनायकाला मोठ्याने नावे ठेवत होत्या. "याच्या मिश्या पाह्य कशा, झाडू लावल्यावानी," असे त्यांनी म्हटले आणि सगळी रांग हसली. मग घाटाचा प्रसंग आला. कौशल्याबाईंनी मुलीचे तोंड आपल्या पोटाशी धरले आणि मान खाली घातली. मी मागे वळून पाहिले. सगळ्या रांगांमधल्या माना खाली होत्या. वाकलेल्या पाठीच पाठी. खालून मात्र शिट्ट्यांनी टॉकीजचे पत्रे थरथरत होते.

मला राग आला. एवढा जोर वाढवला, तरी यांना कंटाळाच. खेळ सुटल्यावर मी कौशल्याबाईंना दारात गाठले.

"मावशी, पिक्चर आवडला नाही का? मधे कंटाळा आला होता तुम्हाला?"

"कंटाळा काहून येते जी? दोन कोस चालून आलो, तिकीट काढलं. कंटाळा कराले आलो का?"

"मग घाटावरचं चाललं होतं तेव्हा खाली काय पाहत होता?"

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी कुठून आले आहे हेच त्यांना कळत नव्हते. "काई पाहत नोहतो. डोये खाली केले. ते पोरगी तशी पडून, पदर नाई अंगावर, तिले आपन काहून पाहाचं? तिकडचे पाहून राहिले होते तेवढे बस नाई का? आमी नाई पाह्यलं. आमच्या हाती तेवढंच होतं."

त्यांच्या मागे उभी असलेली एक म्हातारी म्हणाली, "मागच्या पिच्चरमंदी बी तसंच होतं, खाणीच्या. तवाबी आमी नाई पाह्यलं."

पडद्यावरच्या एका खोट्या मुलीची अब्रू या बायका आपल्या परीने राखत होत्या, आणि मी त्याला कंटाळा म्हणून तिच्यावर आणखी पायऱ्या लादल्या होत्या.

भास्कररावांना लोकांनी टॉकीजपुढेच ओळखले होते आणि गळ्यात हार घातले होते. मी त्यांना बाजूला बोलावले आणि सगळे सांगितले. आधीच्या वहीत मी काय लिहिले होते, तेही सांगितले. मला वाटत होते, ते रागावतील, घरी जा म्हणतील, आणि ते योग्यच होईल. त्यांनी गळ्यातले हार एकेक करून काढले, टॉकीजच्या पायरीवर ठेवले आणि विचारले, "कोठी हायेत त्या बाई?"

कौशल्याबाई मुलीचा हात धरून रस्त्याला लागल्या होत्या. भास्करराव जवळजवळ धावतच त्यांच्यामागे गेले. मी मागोमाग.

"बाई, थांबा जी थोड्या. हा पिच्चर माया आहे. मीनं काढला."

कौशल्याबाईंनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुमी कोनत्या गावचे?"

"आंधळगावचा."

"मंग तुमच्या आंधळगावात बाया नाईत का?"

भास्करराव म्हणाले, "माई मायच आहे घरी."

"तिले दाखवला का?"

"नाई."

"मंग," एवढेच कौशल्याबाई म्हणाल्या. मग त्यांनाच वाईट वाटले असावे. "मारामारी गजब होती. तो पडला अन् उठला, तवा माया पोरीनं टायी वाजवली. ते राहू द्या. ते दुसरं काढून टाका. काढता येते का?"

"येते," भास्करराव म्हणाले.

काढता येते, पण कसे, ते चित्रपटाच्या धंद्यातल्यांनाच कळेल. लागलेला, भरगच्च चाललेला चित्रपट म्हणजे देशभर फिरणाऱ्या रिळांच्या पेट्या. त्यांना हात लावायचा हक्क निर्मात्याचा. भास्कररावांनी पवनीच्या पोस्टातून मुंबईला फोन लावला. मी शेजारीच उभी होते, त्यामुळे पलीकडचा आवाजही ऐकू येत होता.

"हटवारसाब, पब्लिक उसी सीन पे पागल है."

"सिर्फ आधी पब्लिक. बाकी की आधी नीचे देख रही है."

"तो देखने दो नीचे. टिकट तो लिया है ना?"

भास्कररावांनी पुष्कळ समजावले. निर्माता ऐकेना. शेवटी निर्मात्याने एक अट घातली. प्रसंग कापायचा तर कापा. पण जो दिग्दर्शक आपलाच चालता चित्रपट कापतो, त्याच्याबरोबर मला पुढचा चित्रपट करायचा नाही. करार संपला. भास्करराव म्हणाले, "ठीक है," आणि फोन ठेवून पोस्टमास्तरांचे आभार मानले.

आपल्या जिल्ह्यातल्या प्रती त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्या. प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये ऑपरेटरशेजारी स्टुलावर बसून ते रीळ उलगडत. मी वहीतून सांगत असे, कुठल्या पायरीपासून कुठल्या पायरीपर्यंत. कात्रीने पट्टी कापायची, कडा खरवडायच्या, चिकटवायच्या, बोटाने दाबून धरायच्या. पवनीचा वयस्कर ऑपरेटर म्हणाला, "साहेब, उद्या पुढचे लोक खुर्च्या तोडतात मायावर." भास्कररावांनी विचारले, "खेळ कवाचा आहे?" आणि दुसऱ्या दिवशी तीनच्या खेळाला ते पुढच्या बाकांवर जाऊन बसले.

खुर्च्या तुटल्या नाहीत, पण आरडाओरडा झाला. "सीन काटला", "पैसे वापस" अशा आरोळ्या उठल्या. भास्करराव उठून पडद्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, "काटला तो मीनंच काटला. तुमाले राग आला असन तं मले सांगा, ऑपरेटरले नका सांगू." कोणीतरी म्हणाले, "हटवार डरला." कोणीतरी आणखी वाईट बोलले. ते तसेच उभे राहिले, लोक दमेपर्यंत. मग खाली बसले आणि चित्रपट पुढे सुरू झाला. लेडीजमध्ये त्या दिवशी कोणाचीही मान खाली गेली नाही. मी वहीत तेवढेच लिहिले.

मुंबईत 'हटवार डरला' हेच नाव त्यांना चिकटले. यशाला घाबरणारा दिग्दर्शक, बायकांच्या बोलण्यावर चित्रपट कापणारा दिग्दर्शक. चार वर्षे त्यांच्याकडे काम आले नाही. ते आंधळगावला परतले, धानाची शेती पाहू लागले. त्या काळात मी त्यांना भेटायला गेले, तर भाताच्या बांधीतला चिखल पायावर घेऊन ते बांधावर बसले होते. मला पाहून म्हणाले, "बसा जी. इथं कंटिन्युइटी सोपी आहे. काल जेथं चिखल होता, आजबी तेथंच आहे."

मला मात्र काम मिळत होते. चांगल्या चांगल्या युनिटमधून बोलावणे येई. मला वाटे, माझ्या अक्षराची किंमत लोकांना कळली. बऱ्याच वर्षांनी त्या निर्मात्याचे जुने व्यवस्थापक एका चित्रीकरणावर भेटले आणि बोलता बोलता म्हणाले, की तुमची शिफारस हटवारसाहेबांनी जागोजागी केली होती, पत्रे लिहून. मी चकित झाले. मग त्यांनी पुढचे सांगितले. प्रती कापल्याचा बोभाटा झाल्यावर, प्रसंग मुळात वाढवला कोणी आणि का, अशी निर्मात्याने चौकशी केली होती. चूक एखाद्या साहाय्यकाची असेल तर त्याला काढून टाकावे, आणि हटवारांचा करार पुन्हा चालू करता येईल, असेही सुचवले होते. भास्कररावांनी लेखी उत्तर दिले, की वाढवण्याचा निर्णय माझा एकट्याचा होता.

म्हणजे माझे नाव सांगितले असते, तर ती चार वर्षे त्यांना बांधावर बसावे लागले नसते.

मी पुढच्याच गाडीने आंधळगावला गेले. अंगणात त्यांच्या आई तांदूळ निवडत होत्या. मी विचारले, तुम्ही असे का केले. भास्करराव जरा वैतागलेच. "वही तुमची, पिच्चर माया. मीनं वाचून तुमाले विचारलं होतं का, बायांनी नेमकं केलं काय म्हनून? नाई विचारलं. तुमचं अक्षर पाह्यलं अन् खरं मानलं. मंग चूक कोनाची?" त्यांच्या आई सुपातून मान वर न करता म्हणाल्या, "चूक दोघायची आहे. आता जेवाले बसा."

आम्ही जेवायला बसलो.

पुढचे सर्वांना माहीत आहे. 'रेल्वेवाला' आला, हटवार परतले, आणि त्यांच्या चित्रपटांना घरातल्या सगळ्या बायकांना घेऊन जाता येते अशी ख्याती झाली. मारामारी कमी झाली नाही; उलट वाढली. पण त्यांच्या कुठल्याही चित्रपटात कोणा मुलीला ओढत नेल्याचे त्यानंतर दिसले नाही. असा प्रसंग सुचवणाऱ्या लेखकाला ते म्हणत, "हे पवनीले वाचून दाखवा, मंग पाहू." लेखकांना ती म्हणण्याची एक तऱ्हा वाटे. त्यांच्या साहाय्यकांच्या हाती आजही वही असते. टॉकीज गेल्या, भंडाऱ्याला मोठ्या पडद्याची गुळगुळीत थिएटरे आली, बायका आता कुठेही बसतात आणि मुली मुलांइतक्याच जोरात शिट्ट्या वाजवतात. भास्करराव तिथे जाऊन बसतात, आणि शेजारच्या माणसाने मोबाइल कुठल्या प्रसंगाला काढला ते लिहून घेतात. का काढला, ते मात्र लिहीत नाहीत.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा मी त्यांना फोन केला. सांगितले, की पवनीची हकिकत लिहिणार आहे, माझ्या नावासकट.

"नका लिवू जी," ते म्हणाले. "लोकायले ते मालूम आहे, हटवार डरला. चाळीस वर्स झाले. आता काहून बदलवता?"

"कारण ते खरं नाही."

"डरलो तं होतोच मी. त्या बाईले." मग म्हणाले, "लिवाचंच असन तं कौशल्याबाईचं लिवा. तुमचं नका लिवू. तुमाले कोनी काई म्हटलं तं मी सहन करनार नाई, आगोदरच सांगतो."

मी हो म्हटले आणि फोन ठेवला. त्यांच्याशी मी आजवर फार थोड्या वेळा खोटे बोलले आहे. हे त्यातले एक. कारण भास्कररावांचे ऋण या चार ओळींनी फिटणारे नाही, पण त्यांच्या नावावर जे चाळीस वर्षे चिकटून राहिले ते माझ्या नावावर घेणे एवढे तरी मला करता येते. 'बायका कंटाळल्या' हे शब्द माझे होते. ते मी इथे, त्यांच्या सर्व चाहत्यांसमोर, परत घेते.

ग्रंथ हातात पडेल तेव्हा ते हे वाचतील आणि माझ्यावर रागावतील. त्यांचा राग मी जवळून पाहिला आहे. साधारण दुसऱ्या दिवशीच्या चहापर्यंत टिकतो. या वेळी तो चांगला लांबावा, अशी माझी इच्छा आहे. त्यांची गुडघेदुखी थांबावी, नजर आज आहे तशीच तीक्ष्ण राहावी, आंधळगावच्या घरी त्यांनी अनेक दिवाळ्या पाहाव्यात, आणि दर वर्षी मला फोन करून, खणखणीत आवाजात, हा लेख लिहिल्याबद्दल पहिल्यापासून शेवटपर्यंत रागवावे. मी प्रत्येक वेळी ऐकून घेईन.